डॅशबोर्डच्या आतला पाइप गंजलाय म्हणतात, बदलायचा की वेल्डिंग मारायचं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. गुहागरकडची गाडी, २०१६ ची चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक, २०२२ मध्ये चिपळूणहून सेकंडहँड घेतलेली. सिग्नलला किंवा फाटकाला उभं राहिलं की स्टीअरिंग थरथरतं, एसी लावला की जास्तच, खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्डच्या आतून टक असा आवाज येतो आणि बाजूच्या सीटच्या पायाशी कार्पेट पावसाळाभर ओलं असतं. एका मेकॅनिकने सांगितलं डॅशबोर्ड पूर्ण उतरवून आतला आडवा पाइप बदलायला लागेल, दुसरा म्हणतो कशाला, मी खालूनच वेल्डिंग मारून देतो दोन तासात. तुम्ही विचारताय की पहिला पैसे काढायला बघतोय का.

माझं रत्नागिरीजवळ गॅरेज आहे, २७ वर्षं झाली, आणि त्यातली बरीच वर्षं डॅशबोर्ड, वायरिंग आणि एसीचीच कामं जास्त. माझ्या मते पहिला माणूस तुम्हाला फसवत नाहीये, पण डॅशबोर्ड उघडायच्या आधी त्याने काही साध्या गोष्टी तपासायला हव्यात. आणि दुसऱ्याला मात्र त्या पाइपला हात लावू देऊ नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी हा पाइप म्हणजे काय ते. पुढच्या काचेच्या दोन बाजूंना जे खांब असतात, ए पिलर, त्या दोन्हींच्या मध्ये डॅशबोर्डच्या प्लास्टिकमागे एक लोखंडी आडवा पाइप बसवलेला असतो. कंपनीवाले त्याला क्रॉस कार बीम म्हणतात, काही पार्ट कॅटलॉगमध्ये स्टीअरिंग सपोर्ट मेंबर असं नाव असतं, गॅरेजमध्ये आपण पाइप किंवा मेंबर म्हणतो. दोन टोकं पिलरला बोल्टने, मधून एकदोन पाय खाली गिअरजवळच्या टनेलला, म्हणजे तळाच्या मधल्या उंचवट्याला, आणि वर एखादा ब्रॅकेट काचेखालच्या काऊलला, म्हणजे वायपरखालच्या पन्हळीला, किंवा इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, फायरवॉलला. बघितलंत तर वाटेल साधा पाइप आहे, पण त्याच्यावर काय काय लटकलेलं असतं बघा, स्टीअरिंगचा दांडा म्हणजे कॉलम, मीटर, म्युझिक सिस्टिम, एसीचा बॉक्स ब्लोअरसकट, ग्लोव्ह बॉक्स, बाजूच्या माणसाची एअरबॅग, वायरिंगचा अख्खा जुडगा, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांमध्ये पॉवर स्टीअरिंगची इलेक्ट्रिक मोटर कॉलमवरच बसवलेली असते त्यामुळे तिचंही वजन आणि तिचा झटकाही याच पाइपवर. डॅशबोर्डचं प्लास्टिक स्वतः काहीच पेलत नाही, ते फक्त अंगरखा आहे.

आता स्टीअरिंग का थरथरतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे गाडी नुसती चालू उभी असताना, आयडलिंगला, ७५० आरपीएम (मिनिटाला ७५० फेरे) असतील तर मिनिटाला १५००, सेकंदाला २५. इंजिन माउंटिंग कितीही चांगलं असलं तरी हे सेकंदाला २५ धक्के थोडे बॉडीत येतातच. पाइप आणि कॉलम मिळून जी बांधणी असते तिचाही स्वतःचा एक कंपनाचा आकडा असतो, सेकंदाला किती वेळा थरथरते तो, आणि कंपन्या तो मुद्दाम या २५ च्या बराच वर ठेवतात, साधारण ३० ते ४० च्या मधे कुठेतरी, म्हणजे दोघांची गाठ पडणार नाही. पखवाजाची वादी सैल केली की आवाज जसा खाली उतरतो तसंच इथे, पाइपचा पाय गंजून सुटला किंवा टोकाचा बोल्ट ढिला झाला की बांधणीचा ताठपणा कमी होतो आणि आकडा खाली घसरतो. ताठपणा निम्मा झाला तर ३६ चा आकडा २५ वर येतो, हिशोब वर्गमुळाचा आहे, आणि २५ म्हणजे नेमकं तुमचं आयडलिंग. मग स्टीअरिंग हातात नाचायला लागतं. एसी लावला की इंजिनवर लोड येतो, धक्के मोठे होतात, म्हणून तेव्हा जास्त. जरासा ॲक्सिलरेटर दाबून हजार-बाराशेवर धरा, थरथर एकदम गायब झाली तर समजायचं की दोन आकड्यांची गाठ पडत होती.

पण थांबा, हीच लक्षणं बसलेल्या इंजिन माउंटिंगचीही असतात, आणि माउंटिंग बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, डॅशबोर्ड उतरवणं दीड-दोन दिवसांचं. म्हणून आधी माउंटिंग बघा. बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून, कुणालातरी ब्रेक दाबून पहिल्या गिअरला क्लच थोडासा उचलायला सांगा, मग रिव्हर्सला तसंच, समोर कुणी उभं राहू नका, बाजूने बघा. इंजिन खूप उड्या मारत असेल तर आधी ते. एखादा प्लग किंवा कॉइल मिस मारत असेल तरीही स्टीअरिंग थरथरतं, तेही बघून घ्या. थरथर फक्त ८०-९० च्या स्पीडला येत असेल तर मात्र या पाइपशी काही संबंध नाही, १७५/६५ चा १४ इंची टायर ९० ला सेकंदाला जवळजवळ १४ फेऱ्या मारतो, ती बॅलन्सिंगची भानगड. ब्रेक मारल्यावरच येत असेल तर डिस्क. आणि खड्ड्यातला टक आवाज हा कॉलमच्या खालच्या क्रॉसचाही, म्हणजे तिथल्या जॉइंटचाही, असू शकतो किंवा चाकं वळवणाऱ्या रॅकचा. एकाने इंजिन बंद करून स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्याने पायाशी वाकून तो जॉइंट हातात धरायचा, खेळ असेल तर बोटांना लगेच कळतो.

हे सगळं ठीक निघालं तर मग पाइप. आणि तुमच्या गाडीत मला पाइपचाच संशय जास्त आहे, त्याचं कारण ते ओलं कार्पेट आणि चिपळूण ही दोन नावं एकत्र आली म्हणून.

आपल्या किनाऱ्यावर पाइपपर्यंत पाणी तीन वाटांनी जातं. पहिली वाट काचेखालच्या काऊलची. गुहागर, दिवेआगर, वेळास कुठेही समुद्राकडे गाडी सुरूच्या झाडाखाली उभी केली की त्या बारीक काड्या वायपरखालच्या जाळीतून आत जातात, घराकडे आंब्याखाली लावली तर मोहर आणि पानं, आणि काऊलची पाणी जायची भोकं बुजतात. मग पाऊस पडला की ती पन्हळ भरते आणि पाणी बाहेरची हवा घ्यायच्या तोंडातून ब्लोअरमध्ये उतरतं, तिथून पाइपच्या त्या बाजूच्या टोकावर आणि मग कार्पेटवर. दुसरी वाट एसीच्या ड्रेनची. कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी लाल मातीने बुजली की तेच पाणी आत टनेलवर, म्हणजे बरोबर पाइपच्या पायापाशी. ओल कुठल्या वाटेची हे ओळखायला सोपं आहे, भर उन्हात एसी लावूनही ओलं होत असेल तर ड्रेन, एसी न लावता नुसत्या पावसात ओलं होत असेल तर काऊल. या दोन्ही गोष्टी आधी साफ केल्या नाहीत तर नवा पाइपही काही वर्षांनी तसाच होईल.

तिसरी वाट पुराची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं तेव्हा शेकडो गाड्या छपरापर्यंत बुडाल्या, त्यातल्या काही भंगारात गेल्या आणि काही धुऊन पुसून, सीट कव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या. तुमची त्यातली आहेच असं मी म्हणत नाही, पण शंका काढून टाकलेली बरी. त्या पावसाळ्यानंतर मी जे डॅशबोर्ड उघडले त्यातला एक अजून डोळ्यासमोर आहे. गाडी वरून लखलखीत, आतून वास नाही, मालकाची तक्रार फक्त एवढीच की मीटर मधेच लुकलुकतं. डॅशबोर्ड काढला, पाइपचे टोकाचे बोल्ट सोडले, माझ्या पोराने पाइप एका बाजूने उचलला आणि आतून खर्रर्र असा आवाज आला, जसा पावशेर रवा डब्यात सरकतो. पाइपला वायरिंगच्या क्लिपसाठी बोटाएवढी भोकं असतात, त्यातल्या एका भोकातून चॉकलेटी रंगाचा मऊ गाळ जमिनीवर सांडायला लागला, ओंजळभर तरी असेल, आणि त्यात भाताचं तूस होतं. बाहेरून पाइपचा काळा रंग शाबूत, आणि आतून कोरून टॉर्च मारला तर पत्र्याचे पापुद्रे सुटलेले. आतला गाळ ओल धरून ठेवतो, पाइप बाहेरून वाळतो पण आतून वर्षभर वाळत नाही. मीटर लुकलुकायचं कारण म्हणजे वायरिंगच्या अर्थचे डोळे, म्हणजे अर्थच्या वायरींच्या टोकाच्या गोल कड्या, याच पाइपला बोल्टने लावलेले होते आणि त्यांच्याखाली गंज बसला होता.

म्हणून तुम्ही घरच्या घरी एवढं करा. सीटबेल्ट पूर्ण टोकापर्यंत ओढून काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा, कारण धुणारा माणूस बहुतेक वेळा तिथपर्यंत जात नाही. सीटखालच्या रूळांचे बोल्ट बघा. मग गिअरच्या बाजूचं प्लास्टिक आणि कार्पेटची कड उचला, पाइपचा पाय जिथे टनेलला बोल्ट केलेला आहे तिथे टॉर्च मारा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पायावर हलकं ठोका. चांगला पत्रा टण वाजतो, गेलेला पत्रा मातीच्या मडक्यासारखा भद्द वाजतो. शेवटी स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढा, फिरवायचं नाही, वर-खाली. मीटरसकट अख्खा डॅशबोर्ड हलला तर पाइप किंवा त्याचे बोल्ट, फक्त स्टीअरिंग हललं तर कॉलम. मल्टिमीटर असेल तर हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून पाइपचा अर्थचा बोल्ट आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्ट बघा, ०.१ च्या आत हवं. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मीटरची पिन चुकूनही लावू नका.

आता वेल्डिंगचं. लोकांना वाटतं पाइपच आहे ना, गेटचा पाइप जोडतो तसा जोडायचा. गेट पडलं तर गेट पडतं. हा पाइप अपघातात तुमच्या छातीसमोरचं स्टीअरिंग जागेवर धरून ठेवतो. जुन्या काळी समोरून धडक बसली की स्टीअरिंगचा दांडा भाल्यासारखा आत यायचा, त्यात माणसं गेली, म्हणून अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने दाबला जाणारा कॉलम आणला आणि १९६८ पासून तिथे नियमच झाला की ४८ किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर आदळली तरी कॉलम १२७ मिलिमीटरपेक्षा मागे सरकता कामा नये. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांच्या सुरक्षेची जी भारत एनकॅप टेस्ट सुरू झाली तिच्यात गाडी ६४ च्या वेगाने आदळवतात तीही अर्ध्याहून कमी रुंदीवर, तेव्हा एका बाजूचा खांब जोरात मागे ढकलला जातो आणि हाच पाइप त्याला आडवा टेका देतो. बाजूच्या माणसाची एअरबॅगही पाइपवरच्या ब्रॅकेटला टेकून उडते, पापणी लवायच्या आत फुगते, तेवढा उलटा धक्का त्या ब्रॅकेटवर. कुणीतरी खालून डोकं घालून, अंदाजाने, गंजलेल्या पातळ पत्र्यावर मारलेला टाका हे पेलेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि तो माणूसही देऊ शकणार नाही, तुम्ही विचारून बघा.

त्यात अजून दोन गोष्टी. पत्रा तापला की ओढला जातो, कॉलमची भोकं दोन मिलिमीटरने सरकली की कॉलम ताणून बसवावा लागतो आणि मग स्टीअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, कशेडी घाटात हे किती महागात पडेल ते सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे बऱ्याच गाड्यांत कॉलमच्या वरच्या ब्रॅकेटला खाचा असतात, त्यात छोट्या कॅप्सूल असतात, अपघातात छातीचा दाब आला की त्या तुटून कॉलम पुढे सरकावा म्हणून. मी अशा गाड्या बघितल्यात जिथे कुणीतरी आवाज बंद करायला तिथे जाड वॉशर घालून घट्ट आवळलंय किंवा सरळ टाका मारलाय. आवाज बंद होतो, आणि त्याबरोबर कॉलमचं सरकणंही बंद होतं. डॅशबोर्डमध्ये काम करणाऱ्या कुणीही हे करू नये, कळकळीने सांगतो. आणि वायरिंग, फोम, एअरबॅग सगळं जागेवर ठेवून आत ठिणग्या पाडायच्या हा तर आगीशी खेळ.

आधी एक चुंबक लावून बघा हेही सांगून ठेवतो. आपल्या साध्या हॅचबॅकमध्ये पाइप बहुतेक स्टीलचाच असतो, चुंबक चिकटेल. काही महागड्या गाड्यांत तो मॅग्नेशियमचा ओतीव असतो, स्टीलच्या घनतेचा चौथा हिस्सासुद्धा नाही, म्हणून वजन वाचवायला वापरतात. पण मॅग्नेशियम आणि लोखंडी बोल्ट यांच्यात खारं पाणी गेलं की मॅग्नेशियम खाल्लं जातं, बोल्टभोवती पांढरी पूड दिसते. त्याला ग्राइंडर लावू नका, त्याचा भुगा पेट घेतो आणि पेटल्यावर पाणी मारलं तर आग अजून भडकते.

पाइप नवा कंपनीचा मिळाला तर उत्तम. बऱ्याच वेळा पाइपपेक्षा मजुरीच जास्त होते, तेव्हा पाइपमध्ये वाचवण्यात फार अर्थ नाही. जुना घ्यायचा असेल, कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतो, तर एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, बाजूच्याची त्यानंतर, त्यामुळे २०१६ च्या मॉडेलमध्ये एअरबॅगवाली आणि बिनएअरबॅगची अशा दोन्ही गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या पाइपवरचे ब्रॅकेट वेगळे असू शकतात. पॉवर स्टीअरिंगचंही तसंच. पार्ट नंबर जुळवूनच घ्या, दिसायला सारखा म्हणून घेऊ नका. आणि भंगारात गाडी का आली असेल याचा विचार करा, धडकेतली असेल तर पाइप केसभर वाकलेला असतो, सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघा.

काम करताना तुम्ही शक्य असेल तर तिथे थांबा. बॅटरीचं निगेटिव्ह काढल्यावर लगेच एअरबॅगला हात लावायचा नाही, मॅन्युअलमध्ये काही मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं, मी १० मिनिटं थांबतो. चाकं सरळ ठेवून स्टीअरिंग लॉक करायचं आणि खालचा क्रॉस सोडल्यावर ते फिरू द्यायचं नाही, नाहीतर स्टीअरिंगच्या आतली गुंडाळलेली वायर, स्पायरल केबल, तुटते आणि मग हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही गेले. जुडगा सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो, प्रत्येक क्लिपचा. नवा पाइप लावताना सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे जायला हवेत, १२ ची गोटी (सॉकेट) लावून पहिल्या आट्यापासूनच जोर मारायला लागला तर पाइप किंवा भोक जागेवर नाही. एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही जोवर सगळे लागत नाहीत, आणि मग मॅन्युअलमधल्या क्रमाने टॉर्क रेंचने, अंदाजाने नाही. काही गाड्यांत एका टोकाला फट भरणारी आट्यांची बुशी असते, ती आधी पूर्ण मागे फिरवून घ्यावी लागते, तशीच दाबून बसवली की महिन्याभरात डॅशबोर्ड करकरायला लागतो आणि मग दोष प्लास्टिकला जातो.

बसवायच्या आधी पाइपच्या भोकांतून आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, मारून घ्या, डबा पाइपच्या मानाने स्वस्त आहे. खालून गाडीला काळं ऑईल फासतात तसं इथे अजिबात नको, ते वायरिंगवर आणि रबरावर उतरतं आणि एसी लावला की वास. अर्थचे डोळे पॉलिश पेपरने घासून, लावून झाल्यावर वरून ग्रीस.

वेळेचं म्हणाल तर गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून द्या, चाकरमानी यायच्या वेळेला आमच्याकडे कुणाच्याच डॅशबोर्डला दोन दिवस द्यायला सवड नसते आणि घाईत हे काम करायचं नाही. नारळी पौर्णिमेच्या बरंच आधी टाका किंवा सरळ दसऱ्यानंतर, तोवर काऊल आणि एसीचा ड्रेन साफ करून कार्पेट वाळवून घ्या. पाय पूर्ण सुटलेला दिसला किंवा स्टीअरिंग ओढल्यावर डॅशबोर्ड हलला तर मात्र वाट बघू नका, गाडी उभी करा. आणि काम झाल्यावर जुना पाइप मेकॅनिककडून मागून घ्या, एक टोक वर करून हलवा. आतून रवा सरकल्यासारखा आवाज आला आणि भोकांतून गाळ सांडला तर गाडी पुरातली आहे, मग एअरबॅगचं मॉड्यूल, तिचा कंट्रोल युनिट आणि सीटबेल्टचे गुंडाळे हेही बदलायच्या यादीत घ्या, कारण पाणी पाइपपर्यंत चढलं होतं म्हणजे ते तिथपर्यंतही गेलं होतं.